रोपांचे एलईडी दिवे : वॅटच्या आकड्याला भुलू नका

विजेच्या सामानाच्या दुकानात अलीकडे एक नवे गिऱ्हाईक येऊ लागले आहे. त्याला बैठकीच्या खोलीसाठी दिवा नको असतो, की शोरूमसाठीही नको असतो. त्याने घरातली एखादी खोली किंवा दुकानाचा पोटमाळा रिकामा केलेला असतो, तेथे लोखंडी रॅक उभा केलेला असतो आणि त्यावर ट्रे मांडून मेथी, मोहरी, मुळ्याची कोवळी पाने म्हणजे मायक्रोग्रीन्स, लेट्यूस किंवा नर्सरीची रोपे तयार करायची असतात. तो विचारतो, "झाडे वाढवायचे एलईडी आहेत का? किती वॅटचे घेऊ?" दुकानदार खोक्यावर छापलेला आकडा वाचून दाखवतो, गिऱ्हाईक विश्वासाने पैसे मोजतो. दोन आठवड्यांत रोपे काडीसारखी लांबट होऊन आडवी पडतात. गिऱ्हाईक परत येतो तो तक्रार घेऊन, आणि दुकानदारापाशी तेव्हाही उत्तर नसते.

या धंद्यात चार हात लागतात. माल विकणारा व्यापारी, रॅक बनवणारा वेल्डर, जोडणी करणारा वायरमन आणि बिघडलेला दिवा दुरुस्त करणारा मिस्त्री. आपल्या वाचकांत हे चौघेही आहेत. म्हणून या दिव्यांची निवड आणि देखभाल यांची माहिती थोडी खोलात जाऊन देत आहोत.

खोक्यावरचा वॅट

पहिली गोष्ट म्हणजे खोक्यावर ठळक अक्षरांत छापलेला वॅटचा आकडा खरा धरू नये. '१००० वॅट', '१५०० वॅट' असे लिहिलेले अनेक दिवे प्रत्यक्षात १०० ते २०० वॅटच वीज घेतात. आमच्या परिचयाच्या एका वायरमनने '१००० वॅट' छापलेला दिवा प्लगमध्ये लावायच्या वॅटमीटरला जोडून पाहिला, तेव्हा मीटरने ९६ दाखवले. विकणारा म्हणतो, हा आकडा 'बरोबरीचा' आहे, म्हणजे जुन्या हजार वॅटच्या सोडियम दिव्याइतका प्रकाश हा देतो. तेही खरे नसते. काही ठिकाणी आत बसवलेल्या सगळ्या एलईडींची कमाल क्षमता बेरीज करून तो आकडा छापलेला असतो. त्या क्षमतेवर तो दिवा कधीच चालवला जात नाही, चालवला तर जळून जाईल.

वॅटमीटर ही महाग वस्तू नाही. दुकानदाराने एक काउंटरवर ठेवावा आणि दिवा विकण्यापूर्वी गिऱ्हाइकासमोर लावून दाखवावा. ज्या व्यापाऱ्याने मीटर दाखवून माल विकला, त्याच्याकडे गिऱ्हाईक दुसऱ्या रॅकसाठीही येते. शिवाय वितरकाकडून माल उचलतानाच हा मीटर उपयोगी पडतो. गिऱ्हाईक भांडायला आपल्या दारी येते, वितरकाच्या नव्हे.

लुमेन आणि लक्स माणसासाठी

वॅट म्हणजे खाल्लेली वीज. त्यातून निघालेला प्रकाश ही वेगळी बाब आहे. घरगुती दिव्यावर प्रकाश लुमेनमध्ये लिहिलेला असतो. पण लुमेन हे माप माणसाच्या डोळ्याला धरून केलेले आहे. आपल्या डोळ्याला हिरवा-पिवळा प्रकाश सर्वांत तेज दिसतो, तांबडा आणि निळा मंद दिसतो. वनस्पतीचा हिशेब निराळा. ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाचे किती कण पानावर पडले, यावर तिचे अन्न तयार होणे अवलंबून असते. हे कण मोजायचे एकक मायक्रोमोल आहे. दर सेकंदाला दर चौरस मीटरवर किती मायक्रोमोल पडतात, त्या आकड्याला पीपीएफडी म्हणतात.

थोडी तुलना केली म्हणजे हा आकडा अंगवळणी पडेल. भर दुपारच्या स्वच्छ उन्हात पीपीएफडी सुमारे २००० असतो. ट्यूबलाइट लावलेल्या, आपल्याला लख्ख वाटणाऱ्या खोलीत टेबलावर ३०० लक्स प्रकाश असतो, त्याचे मायक्रोमोल होतात जेमतेम ४ ते ५. म्हणजे जी खोली आपल्याला उजेडाची वाटते, ती रोपाच्या दृष्टीने अंधारकोठडी असते. रोप काडीसारखे उंच होते ते उजेडाच्या शोधात होते. त्याला लोक 'वाढ जोमात आहे' समजतात, हा मोठा गैरसमज आहे.

मायक्रोग्रीन्सना आणि लहान रोपांना १०० ते २०० पीपीएफडी पुरतो. लेट्यूससारख्या पालेभाजीला २०० ते २५० पीपीएफडी १६ तास दिला म्हणजे चांगले पीक येते. टोमॅटो, मिरचीला फळ धरायला याच्या दुपटीहून अधिक लागतो, आणि तेथे विजेचे बिल भाजीच्या किमतीला गिळून टाकते. नव्या माणसाने बंद खोलीत टोमॅटो घेण्याच्या फंदात पडू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. त्यासाठी ऊन फुकट आहे.

पीपीएफडी मोजायचे खास मीटर महाग असते. पण पांढऱ्या एलईडीखाली साधा लक्समीटर ठेवून आलेल्या आकड्याला ७० ने भागले की कामापुरता अंदाज मिळतो. १४,००० लक्स म्हणजे सुमारे २०० पीपीएफडी. जांभळ्या दिव्याखाली मात्र हा हिशेब चालत नाही. मोजताना ट्रेच्या मधोमध एकदाच मोजून समाधान मानू नये. चार कोपरे, चार कडा आणि मध्य असे नऊ ठिकाणी मोजावे. मध्ये ३०० आणि कोपऱ्यात ८० अशी तफावत असेल तर कोपऱ्यातला माल कायम मागे राहणार.

एका फळीचा हिशेब

समजा, रॅकची एक फळी ४ फूट बाय २ फूट आहे. हे क्षेत्र ०.७४ चौरस मीटर होते. तेथे १५० पीपीएफडी हवा, म्हणजे ट्रेवर दर सेकंदाला सुमारे १११ मायक्रोमोल पडले पाहिजेत. पाव हिस्सा प्रकाश बाजूला सांडतो असे धरले, तर दिव्यातून १५० मायक्रोमोल निघायला हवेत.

आता दिव्याच्या कार्यक्षमतेचा प्रश्न येतो. एक ज्यूल विजेत किती मायक्रोमोल मिळतात, हा या धंद्यातला सर्वांत महत्त्वाचा आकडा आहे. आजचा चांगला दिवा अडीच ते तीन देतो. अडीच धरला तर आपल्या फळीला ६० वॅट लागतील. सव्वा मायक्रोमोल देणारा हलका दिवा घेतला तर १२० वॅट लागतील. दिवसाला १४ तास दिवा चालला तर फरक पडतो ०.८४ युनिटचा. वर्षाचे सुमारे ३०७ युनिट. युनिटला १० रुपये धरले तर एका फळीमागे ३,००० रुपयांहून अधिक, चार फळ्यांच्या रॅकमागे १२,००० रुपयांच्या वर. शिवाय दिव्याने घेतलेली जवळजवळ सगळी वीज अखेर खोलीत उष्णता होऊन राहते. उन्हाळ्यात ती बाहेर काढायला पंखा किंवा एसी लागला की तो खर्च निराळाच. स्वस्त दिव्याची खरी किंमत ही अशी दर महिन्याच्या बिलात हप्त्याने भरावी लागते.

येथे एक खबरदारी. कोणी दिवा ज्यूलमागे ६ मायक्रोमोल देतो असे सांगितले तर तो माल बाजूला ठेवावा. ६६० नॅनोमीटरच्या तांबड्या प्रकाशात सगळीच्या सगळी वीज प्रकाशात उतरली तरी साडेपाचाच्या वर आकडा जाऊच शकत नाही. तो निसर्गाचा नियम आहे. निळ्या प्रकाशात तर ती हद्द पावणेचारच्या आसपास येते.

ज्याला एकाच रॅकवर प्रयोग करून पाहायचा आहे, त्याला आम्ही वेगळाच सल्ला देऊ. त्याने 'ग्रो लाइट' घेऊच नये. घरात लावतात ती चार फुटी, २० वॅटची पांढरी एलईडी ट्यूब साधारण २००० लुमेन देते, त्यातून २८ ते ३० मायक्रोमोल निघतात. अशा पाच ट्यूब फळीवर लावल्या की १५० चे काम भागते. वीज १०० वॅट लागेल, म्हणजे उत्तम दिव्यापेक्षा जास्त, पण सुरुवातीचे भांडवल थोडे, माल गल्लोगल्ली मिळतो आणि धंदा जमला नाही तर ट्यूब घरी उपयोगी पडतात. दुकानदाराला यात नफा कमी सुटेल हे खरे. पण गिऱ्हाईक बुडाले तर पुढचा धंदाही बुडतो.

जांभळा की पांढरा?

जांभळ्या उजेडाचे आकर्षण जुने आहे. १९९१ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथे संशोधकांनी तांबड्या एलईडीखाली लेट्यूस वाढवून दाखवले, तेव्हा निळ्या प्रकाशासाठी त्यांना फ्लुरोसंट नळ्या जोडाव्या लागल्या होत्या. पुढे तेज निळा एलईडी आला. त्या शोधासाठी आकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पांढरा एलईडी बहुतेक याच निळ्या एलईडीवर पिवळे फॉस्फर लावून तयार होतो. पानातील हरितद्रव्य निळा व तांबडा प्रकाश अधिक शोषते, म्हणून तेवढेच दोन रंग देणारे जांभळे दिवे निघाले. तथापि हिरवा प्रकाश रोपाला निरुपयोगी असतो ही समजूत चुकीची आहे. तो पानात अधिक खोल शिरतो आणि वरच्या पानांतून खालच्या पानांपर्यंतही पोचतो.

आज पांढऱ्या एलईडीत थोडे ६६० नॅनोमीटरचे तांबडे मिसळलेला दिवा सर्वांत सोयीचा ठरतो. त्यात काम करणाऱ्याला पानाचा खरा रंग दिसतो. जांभळ्या उजेडात पिवळे पडलेले पान, बुरशीचा पांढरा ठिपका, मावा यांतले काहीच ओळखू येत नाही, आणि तासभर काम केले की डोळे थकतात. एवढ्या कारणासाठीही आम्ही पांढराच सुचवू.

दिव्याचे तासही पिकावर ठरतात. पालक हे लांब दिवसाचे पीक आहे. त्याला १६ तास उजेड दिला तर पाने सोडून तो तुऱ्यावर जातो. त्याला १० ते १२ तासच द्यावा. टोमॅटोच्या रोपाला चोवीस तास दिवा लावला तर पाने पिवळी पडून इजा होते. रात्र ही रोपालाही लागते.

केशराविषयी दोन शब्द. बंद खोलीत केशर घेण्याच्या बातम्या वाचून पुष्कळ लोक दिव्यांची चौकशी करतात. केशराचा कंद आपल्या पोटातल्या साठ्यावर फुलतो. त्याला फुलण्यासाठी माती-पाण्याची गरज नाही आणि मोठ्या उजेडाचीही नाही. काश्मिरात पांपोरकडे शेतकरी खोलीत ट्रेमध्ये फुले घेतात आणि नंतर कंद पुन्हा शेतात लावतात. उजेड खरा लागतो तो फुलानंतर, पाने वाढून नवे कंद तयार होण्याच्या काळात, आणि तो कित्येक महिने द्यावा लागतो. फुलांसाठी म्हणून कोणी महागडे दिवे गळ्यात मारत असेल तर दोन वेळा विचार करावा.

ड्रायव्हर आणि जिवाचा प्रश्न

एलईडी स्वतः सहसा लवकर मरत नाही. मरतो तो ड्रायव्हर, म्हणजे घरच्या २३० व्होल्ट विजेचे ठराविक डीसी प्रवाहात रूपांतर करणारा डबा. त्यातील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर उष्णतेने वाळतो. ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य निम्मे होते. म्हणून ड्रायव्हर दिव्याच्या पाठीवर, बंद दमट जागेत न बसवता रॅकच्या बाहेर मोकळ्या हवेत बसवावा. वेल्डरने रॅक करतानाच बाजूला त्यासाठी एक पट्टी सोडावी. ड्रायव्हरवर बीआयएसचा आर-ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आणि आयएस १५८८५ ही खूण आहे का ते पाहावे. तो क्रमांक बीआयएस केअर या अ‍ॅपवर तपासता येतो. नुसत्या छापील खुणेवर थांबू नये.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. बाजारात डीओबी नावाच्या प्लेटा मिळतात, ज्यांत ड्रायव्हर आणि एलईडी एकाच प्लेटवर असतात. स्वस्त असल्याने दुरुस्तीत त्या सर्रास वापरतात. यांत ट्रान्सफॉर्मरचा अडसर नसतो; एलईडीच्या उघड्या टाक्यांवर थेट मेनची वीज असते. छताच्या बंद दिव्यात हे चालून जाते. पण रोपांच्या रॅकमध्ये वरून पाणी फवारले जाते, ओल्या हातांनी ट्रे काढले-ठेवले जातात, खाली लोखंडी चौकट असते. अशा ठिकाणी उघडी डीओबी प्लेट लावणे म्हणजे जिवाशी खेळ. विलग, म्हणजे आयसोलेटेड ड्रायव्हरच वापरावा. दिवा आयपी ६५ दर्जाचा असावा. रॅकच्या चौकटीला अर्थिंग करावे. आणि त्या सर्किटवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा. वर सांगितलेल्या घरगुती ट्यूबमध्येही आत बहुधा विलग नसलेलेच सर्किट असते. तिचे कव्हर काढू नये, ती पाण्याच्या उडण्याबाहेर टांगावी आणि फवारणीच्या वेळी बंद ठेवावी. गिऱ्हाईक आरसीसीबीचे पैसे वाचवायला सांगेल. वायरमनने तेथे ठाम राहावे. उद्या काही घडले तर नाव वायरमनचेच निघते.

दहा-वीस ड्रायव्हर एका टायमरवर असतील तर चालू होतानाच्या क्षणी प्रवाहाची मोठी उसळी येते. त्याने टायमरचा संपर्क चिकटतो आणि दिवे बंदच होत नाहीत, किंवा एमसीबी पडतो. टायमरने कॉन्टॅक्टर चालवावा, कॉन्टॅक्टरने दिवे. एमसीबी सी-प्रकारचा घ्यावा. जेथे न्यूट्रल तुटण्याची किंवा व्होल्टेज उसळण्याची तक्रार आहे तेथे सर्ज रोधकाचा खर्च टाळू नये.

देखभाल

महिन्यातून एकदा दिवे बंद करून, थंड झाल्यावर, कोरड्या मऊ कापडाने काच किंवा लेन्स पुसावी. डाग असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल चालते. थिनर आणि अ‍ॅसिटोन लावू नये. मागच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पंखांत धूळ बसली की उष्णता बाहेर जात नाही. दिवा तासभर चालल्यावर पाठीवर हात ठेवून पाहावा; हात क्षणभरही ठेववत नसेल तर हवा खेळत नाही असे समजावे.

गंधकाची धुरी देणाऱ्यांनी विशेष जपावे. गंधकाची वाफ एलईडीच्या आतील चांदीचा थर काळा करते, आणि मग बाहेरून धडधाकट दिसणारा दिवा मंद होत जातो. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉनही एलईडीजवळ लावू नये. न्यूट्रल प्रकारचे मागून घ्यावे. ही चूक चांगल्या कारागिरांकडूनही होते, कारण बाथरूमच्या कामातले उरलेले सिलिकॉन हाताशी असते.

'५०,००० तास आयुष्य' याचा अर्थही नीट विचारावा. बहुतेक वेळा त्यात प्रकाश ३० टक्के घटेपर्यंतचा काळ मोजलेला असतो. दिवसाला १६ तासांनी तो साडेआठ वर्षांचा होतो. पण पिकासाठी १० टक्के घट हीच खरी सीमा मानावी. बसवल्याच्या दिवशी नऊ ठिकाणचे लक्स वहीत लिहून ठेवावे आणि दर सहा महिन्यांनी त्याच ठिकाणी मोजावे. डोळ्याला ही घट कळत नाही.

मिस्त्री बांधवांसाठी : दिवा लुकलुकत असेल तर आधी ड्रायव्हर पाहावा. एकच रांग काळी असेल तर त्या रांगेतला एक एलईडी उघडा पडलेला असतो. मेलेल्या एलईडीवर तार टाकून रांग चालू करायची सवय पुष्कळांना आहे. अनेक रांगा समांतर जोडलेल्या प्लेटमध्ये असे केले की त्या रांगेत जास्त प्रवाह ओढला जातो आणि पंधरवड्यात तीच पुन्हा जळते. त्याच व्होल्टेजचा एलईडी बसवावा किंवा प्लेट बदलावी. ड्रायव्हर बदलताना नुसते वॅट जुळवून भागत नाही. मिलिअँपिअर आणि व्होल्टेजची हद्द दोन्ही जुन्याशी जुळली पाहिजेत. कपॅसिटर बदलताना १०५ अंशांचाच घ्यावा, आणि हात घालण्यापूर्वी जुना रिकामा करावा. वीज काढल्यावरही तो झटका देतो.

व्यापाऱ्याने बिलावर मीटरने मोजलेले वॅट, ड्रायव्हरचा मेक व क्रमांक, आणि हमी किती वर्षांची व कशाची, हे लिहून द्यावे. एलईडीची हमी आणि ड्रायव्हरची हमी वेगळी असेल तर तसे लिहावे. ज्या मेकचे दिवे विकाल, त्याचे दोन-चार ड्रायव्हर दुकानात ठेवावेत. रॅकवरचे पीक दुरुस्तीसाठी आठवडाभर थांबत नाही. मायक्रोग्रीन्सचे पीक तर पेरल्यापासून एक-दोन आठवड्यांत कापायला येते, आणि त्यात चार दिवस अंधार गेला की तो ट्रे फेकावाच लागतो.